तांबं वाचलं, जहाज अडकलं

तुमच्या बाथरूममध्ये लोखंडी टाकीचा स्टोरेज गीझर असेल, तर बहुतेक त्याच्या पोटात एक दांडी लपलेली असते. बोटाएवढी जाड, मॅग्नेशियमची. पाणी तापवण्याशी तिचा काही संबंध नाही, थर्मोस्टॅटशीही नाही. तिचं काम एकच, हळूहळू विरघळून संपून जाणं. सर्व्हिसिंगला आलेला माणूस ती बाहेर काढतो, उंदराने कुरतडल्यासारखी दिसणारी ती काडी आपल्या नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "साहेब, रॉड गेला. बदलावा लागेल." आपल्याला वाटतं, लावला ह्याने चुना! पण रॉड गेला ही खरं तर चांगली बातमी आहे. रॉड गेला म्हणजे टाकी राहिली. पाण्याने दोघांपैकी एकाला खायचंच होतं, त्याने रॉड खाल्ला.

ह्या दांडीला 'सॅक्रिफिशियल ॲनोड' म्हणतात. आपल्या भाषेत बळीचा बकरा! जहाजं, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, जमिनीखालच्या पाइपलाइन्स, सगळीकडे हीच युक्ती चालते. पण ही युक्ती पहिल्यांदा मुद्दाम, शास्त्र समजून उमजून वापरली गेली तेव्हा काय झालं, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. वापरणारा माणूस त्या काळातला युरोपातला अव्वल रसायनशास्त्रज्ञ होता. थिअरी बरोबर होती, टेस्टिंग चोख झालं होतं, युक्तीने जे करायला हवं होतं ते तिने तंतोतंत केलं. आणि तरीही चार वर्षांत ब्रिटिश नौदलाने ती गुंडाळून ठेवली.

सॉफ्टवेअरवाल्यांनी ही गोष्ट वाचायलाच हवी असं मला वाटतं. का, ते शेवटी बोलू. आधी थोडं स्वयंपाकघर.

घरात जुनी जस्ती बादली असेल तर आठवून बघा. लोखंडाच्या पत्र्यावर जस्ताचा पातळ थर. बादली आपटते, ओरखडे पडतात, आतलं लोखंड उघडं पडतं, तरी त्या ओरखड्यावर लवकर गंज धरत नाही. आता तेलाचा पंधरा किलोचा डबा घ्या. तोही लोखंडाचाच पत्रा, पण त्यावर थर कथलाचा. त्याला ओरखडा पडला की पावसाळ्यात तिथे भसाभस गंज. लोखंड तेच, दोघांवरही दुसऱ्या धातूचा थर, मग हा फरक का?

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोघांवर मिळून पाणी असलं (खारं असेल तर फारच उत्तम) की एक चिमुकली बॅटरी तयार होते. तिच्यात एक धातू विरघळतो आणि आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देतो. जोवर हे इलेक्ट्रॉन येतायत तोवर दुसऱ्याला विरघळायची गरज पडत नाही. कोण देणार आणि कोण घेणार हे ठरलेलं असतं. मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, कथील, तांबं अशी रांग लावली, तर कुठल्याही जोडीत जो पुढे उभा तो आधी जातो. जस्त आणि लोखंड शेजारी आले तर जस्त जातं, लोखंड राहतं. लोखंड आणि कथील शेजारी आले तर लोखंड जातं. म्हणजे कथील हे नुसतं पांघरूण. फाटलं की संपलं. जस्ताचं मात्र पांघरूण फाटलं तरी ते स्वतः झिजून राखण करतं. आपण ज्याला 'जीआय पाईप' म्हणतो त्यातला 'जी' म्हणजे गॅल्व्हनाइज्ड. बेडकाच्या पायांवर प्रयोग करणाऱ्या इटलीच्या गॅल्व्हानीच्या नावावरून आलेला शब्द. गरम जस्तात लोखंड बुडवण्याच्या ह्या पद्धतीचं पेटंट सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८३७ साली घेतलं.

कथलाचा विषय निघालाच आहे तर कल्हईही लक्षात ठेवा. पितळेच्या पातेल्याला आज्जी कल्हई का करून घ्यायची? पातेलं टिकावं म्हणून नव्हे. ताक, आमटी, चिंचेचं सार पितळेत कळकतं म्हणून. कळकतं म्हणजे आंबट पदार्थात पितळेतलं तांबं उतरतं आणि ते पोटाला बाधतं. कल्हईने आपल्याला तांब्यापासून वाचवलं. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता जहाजाकडे.

लाकडी जहाजाला समुद्रात दोन शत्रू. पहिला टेरेडो. ह्याला जहाजाचा किडा म्हणतात, पण हा खरा शिंपल्याच्या कुळातला. लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदे खणत जातो. वरून फळी ठणठणीत, आतून चाळण. दुसरा शत्रू म्हणजे बुडाला चिकटणारी सगळी गर्दी: शेवाळ आणि बार्नॅकल. भाऊच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी खांबांकडे बघितलं तर पाण्याच्या रेषेपर्यंत पांढरी, खरखरीत, टोकदार पुटकुळ्यांसारखी वस्ती दिसते, त्यातले बरेचसे बार्नॅकल. पाय घासला तर रक्तच निघतं. अशी वस्ती जहाजाच्या बुडाला झाली की जहाज जड होतं, पाणी कापण्याऐवजी पाण्यात अडतं. शिडाच्या जहाजाला तर इंजिनाचा जोर वाढवायचीही सोय नाही. वेग गेला म्हणजे पाठलाग गेला, पळ काढणं गेलं, प्रवास लांबला, पिंपातलं पाणी आणि धान्य संपत आलं. बुडाला काय चिकटलंय ह्यावर वर राहणाऱ्या शेकडो माणसांचा जीव अवलंबून.

ह्यावर ब्रिटिश नौदलाने १७६१ साली एक महागडा उपाय करून पाहिला. 'अलार्म' नावाच्या ३२ तोफांच्या फ्रिगेटच्या बुडाला तांब्याचा पातळ पत्रा मारला आणि तिला वेस्ट इंडीजच्या, म्हणजे किड्यांच्या माहेरच्या, पाण्यात पाठवलं. ती परत आल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. किडा नाही. वस्ती जवळजवळ नाही. लाकूड नव्यासारखं. सगळे खूश.

आणि मग कोणीतरी खिळे बघितले.

पत्र्याखालचे लोखंडी खिळे जागोजागी कुजून गेले होते. तांब्याला टेकलेलं लोखंड समुद्राने खाऊन टाकलं होतं. काही ठिकाणी मात्र खिळे शाबूत होते. बारकाईने पाहिल्यावर कळलं की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद त्या जागी निघायचा राहून गेला होता. कागदामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलंच नव्हतं. गंमत बघा, गॅल्व्हानीचे बेडूक अजून वीसेक वर्षं दूर, व्होल्टाची बॅटरी यायला १८०० साल उजाडायचं होतं. विजेबद्दल काही माहीत नसताना एका तपासणी अहवालात धडा लिहिला गेला: तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकू देऊ नका.

धडा लिहिला गेला, पण लगेच पाळला गेला असं नाही (ओळखीचं वाटतंय? :-) ). अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्स आणि स्पेनही उतरल्यावर इंग्लंडला जहाजं कमी पडू लागली. नौदलाचा कंट्रोलर चार्ल्स मिडलटन ह्याने १७७९ पासून धडाक्यात ताफ्याला तांबं चढवायला घेतलं. लोखंडी बोल्ट आणि तांबं ह्यांच्यामध्ये कागद आणि निरनिराळे लेप घालून बघितले. ते फार टिकले नाहीत. शेवटी १७८० च्या दशकात बोल्टच तांब्याच्या कठीण केलेल्या मिश्रधातूचे करून ताफा नव्याने बांधून घ्यावा लागला. तेव्हा कुठे तांब्याचा पत्रा स्थिरावला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी जहाजं इंग्लंडचं नौदल आनंदाने घेत होतं ती ह्याच काळानंतर, आणि सागवान कितीही टिकाऊ असलं तरी तांब्याचा पत्रा त्यालाही लागायचाच.

फक्त एक तक्रार उरली. तांबं टिकत नव्हतं. पत्रा समुद्रात झिजत जायचा, पातळ व्हायचा, भोकं पडायची. काही वर्षांत सगळं काढून नवं लावा. शेकडो जहाजं, प्रत्येकाला टनावारी तांबं. हिशेब करणाऱ्यांच्या पोटात गोळा यायचा. शेवटी १८२३ साली नौदलाच्या बोर्डाने रॉयल सोसायटीला विचारलं: हे तांबं का झिजतं, आणि ते थांबवता येईल का?

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते सर हम्फ्री डेव्ही.

डेव्हीची ओळख थोडक्यात करून द्यायची तर: पेन्झान्स नावाच्या दूरच्या गावात १७७८ साली जन्मलेला, लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा. प्रचंड बॅटऱ्या बांधून १८०७ मध्ये त्याने पोटॅशियम आणि सोडियम पहिल्यांदा वेगळे काढले. खाणकामगारांचा सुरक्षित दिवा १८१५ मध्ये बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. त्याची व्याख्यानं ऐकायला लंडनमध्ये गर्दी लोटायची. आणि त्याचा मदतनीस कोण, तर मायकेल फॅरडे. रासायनिक ओढ आणि वीज ह्या मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे डेव्ही १८०६ पासून मांडत होता. म्हणजे हा प्रश्न जणू त्याच्यासाठीच राखून ठेवलेला.

त्याचा विचार साधा आणि सुंदर होता. तांबं समुद्रात विरघळतं कारण त्याची विजेची अवस्था विरघळायला अनुकूल आहे. ती अवस्था किंचित बदलली, तांबं थोडंसं जास्त ऋण केलं, तर विरघळणं थांबायला हवं. आणि ते करायला बॅटरीसुद्धा नको. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा नुसता टेकवून ठेवा, बाकीचं समुद्र बघून घेईल. म्हणजे 'अलार्म'च्या खिळ्यांचं जे अपघाताने झालं होतं तेच आता उलट बाजूने, मुद्दाम करायचं. तेव्हा रडत होते लोखंडासाठी, आता वाचवायचं होतं तांबं.

प्रयोग केले आणि युक्ती चालली, तीही थक्क करण्याइतकी. वाटाण्याएवढं जस्त चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरायचं. मग पोर्ट्समथ बंदरात तांब्याचे पत्रे कित्येक आठवडे समुद्रात टांगले. प्रत्येकाला वेगवेगळ्या मापाचा जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा. आधी वजन, नंतर वजन. रक्षक धातूचं क्षेत्रफळ तांब्याच्या १/४० ते १/१५० असेल तर तांब्याचं वजन अजिबात घटत नव्हतं. १/२०० ते १/४०० असेल तर थोडी झीज. अगदी १/१००० एवढ्या ओतीव लोखंडानेसुद्धा काही ना काही तांबं वाचत होतं. ओतीव लोखंड सगळ्यात स्वस्त आणि टिकायलाही चांगलं. १८२४ मध्ये डेव्हीने हे काम रॉयल सोसायटीसमोर मांडलं.

डेव्ही त्या तुकड्यांना 'प्रोटेक्टर' म्हणायचा, म्हणजे रक्षक. 'ॲनोड' हा शब्द तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो १८३४ मध्ये फॅरडेने विल्यम ह्यूएलच्या सल्ल्याने रूढ केला, डेव्ही वारल्यानंतर पाच वर्षांनी. एकच लोखंडाचा तुकडा, एके काळी त्याला रक्षक म्हटलं, आता बळी म्हणतात. असो.

पहिलं मोठं जहाज निवडलं ते 'समरंग', २८ तोफांचं, आपल्या कोचीनला बांधलेलं. तांबंही हिंदुस्थानातच चढवलेलं. १८२४ च्या वसंतात ते गोदीत आलं तेव्हा बुडावर शेवाळ आणि बरंच काही होतं. ते साफ करून लोखंडाचे चार मोठे ठोकळे बसवले, दोन पुढे, दोन मागे, मिळून तांब्याच्या साधारण १/८० क्षेत्रफळाचे. मग समरंग नोव्हा स्कोशियाला जाऊन १८२५ च्या जानेवारीत परत आलं. तांबं उत्तम स्थितीत होतं. बूड घाण झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या तेव्हा त्या धादांत खोट्या आहेत असं डेव्हीने ठणकावून लिहिलं. नौदलाने आणखी जहाजांवर प्रोटेक्टर बसवायला घेतले.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या.

तांब्याबद्दल एकही नाही. तांबं चकचकीत होतं. पण त्याच्यावर काय होतं? शेवाळ. बार्नॅकल. पूर्वी लाकडावर व्हायची तशी घनदाट वस्ती. विशेषतः जी जहाजं बंदरात नुसती उभी असायची त्यांची अवस्था वाईट. १८२५ च्या उन्हाळ्यातच उभ्या जहाजांचे प्रोटेक्टर काढायचा हुकूम निघाला. फिरत्या जहाजांवर आणखी थोडे दिवस ढकलले. १८२८ मध्ये नौदलाने सगळाच नाद सोडला. डेव्हीची जाहीर टिंगल झाली. १८२६ च्या शेवटी त्याला अर्धांगाचा झटका आला, १८२७ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं आणि २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय अवघं पन्नास.

काय चुकलं?

आता कल्हई आठवा. तांबं किड्याला आणि बार्नॅकलला का रोखत होतं? धातूचा कठीण पत्रा आहे म्हणून? किड्यापुरतं ते काही अंशी खरं. पण बार्नॅकल दगडावर, लोखंडावर, काचेवरही मजेत बसतं. तांब्यावर ते बसत नव्हतं कारण तांबं विरघळत होतं. त्याचे आयन सतत पाण्यात उतरत होते आणि बुडाला टेकू पाहणाऱ्या प्रत्येक चिमुकल्या जिवाला ते बाधत होते. जे आपल्या ताकाला कळकवतं तेच. नौदल ज्याला झीज म्हणत होतं तेच तांब्याचं काम होतं. डेव्हीने झीज थांबवली, म्हणजे काम थांबवलं. जहाजाच्या बुडाला त्याने एक प्रकारे कल्हईच केली, फक्त ती बार्नॅकलच्या सोयीची झाली!

दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर बळीचा बकरा तिथे आधीपासूनच होता. लाकडी बुडासाठी तांबं रोज थोडं थोडं जीव देत होतं. त्याच्यापुढे लोखंडाचा दुसरा बकरा उभा केल्यावर पहिल्याचं बलिदानच थांबलं.

डेव्हीला हे अजिबात दिसलं नव्हतं असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. प्रोटेक्टर मोठा असला की तांब्यावर चुन्याचा आणि मॅग्नेशियाचा पांढरा थर बसतो आणि त्यावर शेवाळ धरतं, हे त्याने स्वतः टिपलं होतं. म्हणून तो प्रमाण कमी करून बघत होता: तांबं थोडंसं झिजू द्यायचं, बूड स्वच्छ राहील एवढंच. कागदावर असा मधला बिंदू आहेही. पण समुद्र म्हणजे एक तापमान आणि एक वेग नव्हे. चालतं जहाज वेगळं, बंदरात सहा महिने उभं असलेलं वेगळं, पोर्ट्समथचं पाणी वेगळं, वेस्ट इंडीजचं वेगळं. लोखंडाचा ठोकळा एकदा ठोकला की ठोकला, त्याला नॉब नसतो.

आणि माप? आधीचं वजन, नंतरचं वजन. नौदलाने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर तराजू बरोबर देत होता. पण तांबं वाचवा ही मागणी हिशेब ठेवणाऱ्याची होती. शिडं सांभाळणाऱ्या कप्तानाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तांब्याचं काय घेऊन बसलात, मला बूड स्वच्छ हवं. तराजूत बार्नॅकल दिसत नाही.

इथे आमच्या धंद्यातल्या मंडळींना काहीतरी आठवलं असेल. एका जुन्या क्लायंटकडची गोष्ट. त्यांची सिस्टिम रोज रात्री एक भलीमोठी फाईल लिहायची, फेल झालेल्या नोंदींची. कोणी वाचत नाही, डिस्क मात्र खातेय. नवी टीम आली, तिने त्या नोंदी फेल होण्याची कारणं शोधली, आपोआप दुरुस्त व्हायची सोय केली, फाईल बंद. सगळे टेस्ट हिरवे. महिनाअखेरीला अकाउंट्सचे एक काका तणतणत आले: माझी फाईल कुठे गेली? ते गेली कित्येक वर्षं त्या फाईलवरून कुठल्या शाखेचे लोक चुकीच्या नोंदी टाकतात ते ओळखून फोन करायचे. आता चुकीच्या नोंदी आपोआप 'दुरुस्त' होऊन पुढे जात होत्या, आणि काही दुरुस्त्या चुकीच्याच होत्या. टीमने मागितलेलं काम नीट केलं होतं. ती फाईल कोणासाठी झिजतेय हे विचारायचं राहून गेलं होतं, इतकंच.

पुढची गोष्ट आनंदाची आहे. डेव्हीची युक्ती मेली नाही. ती चुकीच्या जागी लावली होती, योग्य जागा अजून जन्मायची होती.

नौदलाच्या आणि व्यापाऱ्यांच्या तांब्याच्या खर्चावर उत्तर आलं ते वेगळ्याच बाजूने. जॉर्ज मुंट्झने १८३२ मध्ये साठ टक्के तांबं आणि चाळीस टक्के जस्ताच्या पितळेचं पेटंट घेतलं. स्वस्त, आणि बूड स्वच्छ राहण्यापुरतं बेताने विरघळणारं. म्हणजे झीज थांबवायची नाही, झीज स्वस्तात विकत घ्यायची. पुढे जहाजंच लोखंडाची झाली. लोखंडी बुडाला तांब्याचा पत्रा थेट लावायची सोय नाही, 'अलार्म'चे खिळे आठवतात ना? इथे तर सगळं जहाजच खिळा!

मग हळूहळू दोन कामं वेगळी झाली. आमच्या भाषेत सेपरेशन ऑफ कन्सर्न्स. आजच्या पोलादी जहाजाच्या बुडाला आधी गंजरोधक रंगाचे थर असतात. त्यावर वेगळा रंग, ज्यातून बार्नॅकलला बाधणारं द्रव्य हळूहळू पाझरतं. ते द्रव्य बहुतेक वेळा काय असतं? तांब्याचं ऑक्साइड. मध्यंतरी कथलाची संयुगं जास्त जोरकस म्हणून आली होती, पण त्यांनी समुद्रातल्या इतर जिवांचंही फार नुकसान केलं. त्यांच्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. आणि ह्या सगळ्याच्या जोडीला बुडावर जागोजागी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या विटा वेल्ड केलेल्या असतात, डेव्हीचे प्रोटेक्टर. रंग जिथे खरवडला तिथलं पोलाद त्या सांभाळतात. तांब्याला त्यांचा स्पर्श नाही, त्यामुळे तांबं आपलं विरघळायचं काम सुखाने करतं. एक बळी गंजासाठी, दुसरा बार्नॅकलसाठी, आणि दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत.

जमिनीखाली तर युक्तीने आणखी एक रूप घेतलं. रॉबर्ट कून ह्या इंजिनियरने १९२८ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गॅसच्या लांब पाइपलाइनला बळीऐवजी सरळ बाहेरून डीसी करंट पुरवला. इलेक्ट्रॉन हवेत ना, मग विकत घ्या, वीजबिल भरा. पोलाद सुरक्षित आहे हे ओळखायची त्याची खूण आजही वापरतात: उणे ०.८५ व्होल्ट, मोजायचं कशाच्या तुलनेत, तर तांबं आणि मोरचुदाच्या इलेक्ट्रोडच्या.

पण डेव्हीला खरा न्याय मिळाला तो समुद्रात उभ्या राहणाऱ्या बांधकामांवर, आणि त्यातलं एक आपल्या दारात आहे. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर, अरबी समुद्रात, बॉम्बे हाय. १९७४ मध्ये तेल सापडलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. समुद्रातल्या अशा प्लॅटफॉर्मचे पाय म्हणजे पोलादी नळ्यांचं जंगल. पाण्याखाली जाऊन दरवर्षी रंग कोण मारणार? म्हणून त्या पायांवर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे लांबलचक ठोकळे लावून ठेवतात, मोठ्या प्लॅटफॉर्मला शेकडो टन. हिशेब सरळ आहे. एक अँपियर करंट वर्षभर द्यायला जस्त साधारण ११ किलो खपतं, ॲल्युमिनियम साडेतीन किलोच्या आसपास. प्लॅटफॉर्म किती वर्षं उभा ठेवायचा ते ठरवा, तेवढ्या वर्षांचा बळी पहिल्याच दिवशी बांधून पाठवा.

आणि डेव्हीला सतावणारा तो चुना-मॅग्नेशियाचा पांढरा थर? तो इथेही बसतो. पण इथे त्याचं स्वागत होतं. तो पोलादावर कवचासारखा बसतो आणि करंटची गरज कमी करतो, त्यामुळे ठोकळे जास्त वर्षं पुरतात. त्यावर बार्नॅकल येतात का? येतात की! लाटांचा भार वाढतो, म्हणून डिझाइनमध्ये त्यांचं वजन आणि जाडी धरलेली असते, कधी घासूनही काढतात. पण वेग कमी झाला अशी तक्रार कोणी करत नाही, कारण प्लॅटफॉर्मला कुठे जायचंच नसतं.

मला ह्या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच आवडतं. समुद्र तोच, रसायन तेच, पांढरा थर तोच. १८२५ मध्ये ज्याने एका थोर माणसाची टिंगल झाली तेच दीडशे वर्षांनी गुण म्हणून मोजलं गेलं. बदललं फक्त एकच, ज्याला वाचवायचं ती वस्तू तिथे कशासाठी आहे. पोलादाचा पाय उभा राहण्यासाठी आहे, त्याला वाचवणं म्हणजे त्याचं काम वाचवणं. तांब्याचा पत्रा विरघळण्यासाठी होता.

गंमत म्हणजे आजचे इंजिनियरही हा धडा पूर्ण शिकले असं नाही. करंट गरजेपेक्षा जास्त दिला तर रंग पोलादापासून सुटतो, आणि फार कठीण जातीचं पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतं. म्हणजे 'किती वाचवायचं' ह्याला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. कूनचे उणे ०.८५ सगळ्यांना पाठ असतात, वरची मर्यादा विचारणारे कमी.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी मीटिंगमध्ये सांगेल की अमुक एक गोष्ट फुकट झिजतेय, खर्च होतोय, थांबवा, तेव्हा थांबवायच्या आधी एकदा बुडाखाली डोकावून बघायला हरकत नाही. बऱ्याचदा ती खरंच फुकट झिजत असते, मग खुशाल थांबवा. पण कधीकधी तिच्या झिजण्यावर जहाज चाललेलं असतं.